वाकड्या बोटांना नवे बळ

कोपर आपटले म्हणजे करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, हे सर्वांस ठाऊक आहे. तेथे एक मोठा मज्जातंतू त्वचेलगत हाडावरून जातो. कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात. म्हणून हा मज्जातंतू कोपरापाशी आणि दुसरा एक मनगटापाशी त्यांच्या तावडीत सापडतो. मग तळहातातील लहान स्नायू लुळे पडतात. बोटे मुळाशी वाकविणे व पुढे सरळ ठेवणे हे त्यांचे काम. ते थांबले की बोटे आकड्यासारखी वळतात. पाण्याचा पेलाही नीट धरता येत नाही. रोग बरा झाला तरी उपजीविकेचे साधन गेलेलेच राहते.

मैसूरच्या पूर्वेस, तत्कालीन मद्रास प्रांतातील वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये रुजू झाले. अशा हातांतही प्रकोष्ठातील, म्हणजे कोपर व मनगट यांमधील, कित्येक स्नायू सशक्त राहतात, असे त्यांना आढळले. १९४८ च्या सुमारास त्यांनी अशा हातांवर शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला.

या शस्त्रक्रियेचे तत्त्व सोपे आहे. प्रत्येक बोट वाकविण्यास दोन कंडरा, म्हणजे स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, असतात. मधल्या बोटाची एक कंडरा सोडवून तिचे चार भाग करतात व ते चार बोटांच्या कडेने नेऊन शिवतात. दुसरी कंडरा जागेवर असल्याने मधले बोट निकामी होत नाही. सुमारे तीन आठवडे हात प्लास्टरमध्ये ठेवतात. त्यानंतर जुन्या स्नायूला नवे काम शिकवावे लागते. व्यायामावाचून शस्त्रक्रिया व्यर्थ होय.

मात्र गेलेली संवेदना या उपायाने परत येत नाही. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, ही समजूत चुकीची आहे. वेदना कळत नसल्याने भाजणे, कापणे यांकडे दुर्लक्ष होते, जखमा चिघळतात व बोटे आखूड होत जातात. म्हणून गरम भांडे फडक्याने धरणे व रोज हात तपासणे आवश्यक असते.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्याने रोग पूर्ण बरा होतो. त्वचेवर बधिर चट्टा दिसताच उपचार घेतल्यास हात वाकडे होण्याची वेळ सहसा येत नाही.