भिजवणीचं पाणी टाक, शिजवणीचं पाणी राख

कडधान्याचं निम्मं काम गॅस पेटवण्याआधीच झालेलं असतं, हे पहिलं ध्यानात ठेव, बाळ. मसाला कितीही निगुतीने कुटलास, कुकरच्या कितीही शिट्ट्या काढल्यास, तरी भिजवण्यात केलेली घाई भरून निघत नाही. मला हे सासूबाईंनी सांगितलं, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. आता तू वेगळं बिऱ्हाड केलं आहेस, तर तुझ्या कानावर घालते.

आणतानाच नीट बघून आण. जुनं कडधान्य, त्यातून उष्ण आणि दमट जागी पडून राहिलेलं, कितीही भिजवलं तरी आतून कडकच राहतं. दाणा सुरकुतलेला असेल, त्याला भोक असेल, पिशवीच्या तळाशी पिठूळ भुकटी दिसत असेल तर दुकानातच ठेवून ये. महिनाभर पुरेल एवढंच घे आणि डब्यात कडुनिंबाचा सुकवलेला पाला टाक. मटकीत गणंग निघायचेच. भिजल्यावर तळहाताने चाळवून बघ, कडक लागतील ते वेचून काढ. एक जरी दाताखाली आला तरी जेवणाऱ्याचा घास बिघडतो.

भिजवायचं ते दोन-तीनदा चोळून धुऊन, तिप्पट-चौपट पाण्यात, रात्रभर. थंडीत पाणी कोमट घे. भांडं मोठं घे, हरभरे फुगून वर येतात. सकाळी ते पाणी ओतून दे. हरभरा, वाल, चवळी यांच्यात अशा काही साखरी असतात की त्या आपल्याला पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात जातात आणि तिथे वायू धरतो. त्यातल्या बऱ्याचशा या पाण्यात उतरलेल्या असतात. मात्र शिजवून उरलेलं पाणी कधीही मोरीत ओतू नकोस. दाण्यातली पाण्यात विरघळणारी ब गटातली जीवनसत्त्वं आणि क्षार त्यात आलेले असतात. आजारातून उठलेल्याला मुगाचं कढण द्यायचं, कुळीथ शिजवले की कळण काढायचं, पुरणाच्या डाळीचा कट राखून आमटी करायची, हे सगळं त्यासाठीच. माझ्या मते होळीच्या पानात कटाच्या आमटीचा मान पोळीइतकाच आहे.

मोड आणायला भिजलेलं कडधान्य आधी पूर्ण निथळू दे. तळाशी पाणी राहिलं की कुबट वास येतो आणि दाणे चिकट होतात, कारण भिजलेलं बी श्वास घेत असतं. त्याला ओल हवी तशी हवाही हवी. ओल्या सुती फडक्यात सैल पुरचुंडी बांध आणि झाकून ठेव. उन्हाळ्यात मटकीला दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत दीड दिवसही लागतो. तेव्हा पुरचुंडी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवावी, ऊब मिळते. मोड दाण्याएवढा झाला की थांब. लांबलचक शेपट्या दिसायला छान, पण उसळीत त्यांना चव राहत नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं तुझ्या मनात येईल. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, ते मोड येताना तयार होतं. दाण्यातलं फायटिक आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवतं, मोड येताना तेही कमी होतं. म्हणजे तीच वाटीभर मटकी, पण अंगी जास्त लागते.

हल्ली वाडगाभर कच्चे मोड खायची पद्धत आली आहे. ती मला पटत नाही. कच्च्या कडधान्यात, आपली प्रथिनं पचवणाऱ्या पाचकरसाला अडवणारे काही घटक असतात. भिजवून, मोड आणून ते थोडे कमी होतात, पण खरे निकामी होतात ते उष्णतेने. या विषयावर आपल्याकडे मूळचं काम करणाऱ्यांत डॉ. कमला सोहोनी होत्या, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्या गेल्या, तेव्हा मुलगी म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत कडधान्यांतल्या प्रथिनांवर आणि या अटकाव करणाऱ्या घटकांवर विद्यार्थ्यांना घेऊन काम केलं. आपल्या ताटातल्या डाळ-उसळीचा एवढा विचार करणारी बाई आपल्यात होऊन गेली, हे तुला माहीत असायला हवं. तर मोडांना चार-पाच मिनिटं वाफ दे, मग कांदा-कोथिंबीर घालून खुशाल खा. शिवाय ज्या ओल्या उबेत मोड येतात, तिथे जंतूही वाढतात. गर्भारपणी, लहान मुलांना, आजाऱ्याला कच्चे मोड नकोतच.

राजम्याच्या बाबतीत तर याहून कडक राहा. कच्च्या, अर्धकच्च्या राजम्यातल्या विषारी घटकाने उलट्या होतात. भिजवणीचं पाणी टाकून ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे, आणि मग कुकर. मंद आचेवर दिवसभर शिजवणारं ते विजेचं भांडं राजम्यासाठी वापरू नकोस. त्यात तेवढी उकळीच येत नाही.

आता चुलीवरचं. आमसूल, चिंच, टोमॅटो दाणा बोटाने चेपला जाईपर्यंत घालायचं नाही. आंबटात सालीतलं पेक्टिन विरघळत नाही, दाणा टणक राहतो. बोअरच्या जड पाण्यानेही हेच होतं. त्यातलं चुनखडी द्रव्य दाणा कडक करतं, म्हणून भिजवायला आणि शिजवायला प्यायचं पाणी घे. सोड्याने लवकर शिजतं खरं, पण ब-1 जीवनसत्त्व जातं आणि चवही साबणासारखी लागते. सोडा घालूच नकोस. मिठाबद्दल मात्र माझं आणि सासूबाईंचं जमलं नाही. मिठाने दाणा आकसतो असं त्या म्हणत आणि मीठ शेवटी घालत. मी हरभरे भिजवतानाच चमचाभर मीठ घालते. साल मऊ होते आणि मीठ आतपर्यंत मुरतं. तूही घालून बघ.

वालाबद्दल जास्त सांगते, कारण आम्ही रायगडचे. भात कापला की शेतात जी ओल उरते तिच्यावर आमच्याकडे कडवे वाल होतात, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. कडवे वाल टपोरे नसतात, पण बिरड्याला तेच घे. त्यांना कडवेपणा आहे म्हणूनच चव आहे. रात्रभर भिजव, पाणी टाक, मोड आणायला दीड-दोन दिवस दे. मग कोमट पाण्यात घाल आणि दाणा चिमटीत दाब, साल सुटून डाळिंबी बाहेर येते. हे काम एकटीने करायचं नाही, घरातल्या सगळ्यांना परातीभोवती बसव. फोडणीत हिंग-हळद, मग डाळिंब्या, बुडतील न बुडतील एवढं गरम पाणी आणि मंद आच. डावाने ढवळू नकोस, भांडंच हलव, नाहीतर डाळिंब्यांचा लगदा होतो. शिजल्या की ओलं खोबरं, गूळ आणि अगदी शेवटी आमसूल.

वालाचे गावठी वाण आता बाजारात सहज मिळत नाहीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे वेगवेगळे वाण घरोघरी फिरून जमवले आणि जपले. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी. गावाकडून वाल आले तर मूठभर बी बाजूला काढून कुंडीत तरी लाव.

कडधान्य एकटं वाढू नये. सोबत धान्य हवं. डाळीत लायसिन भरपूर, मेथिओनिन कमी. तांदूळ-ज्वारीत याच्या उलट. वरण-भात, पिठलं-भाकरी, मुगाची खिचडी, थालीपिठाची भाजणी, यांत एकाची उणीव दुसरं भरून काढतं. एकाच घासात पाहिजे असंही नाही, दिवसभराच्या जेवणात आलं तरी पुरतं. हाडांसाठी नाचणी सोडू नकोस. तिच्या 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळा-गव्हाच्या कितीतरी पट. उसळीवर लिंबू पिळ, त्याने लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतलास तर चहातला तुरटपणा तेच लोह अडवतो. तास-दीड तास जाऊ दे.

आणि एक गोष्ट सासूबाईंना ठाऊक नव्हती, ती मी सांगते. ब-12 जीवनसत्त्व कुठल्याच डाळीत, भाजीत, धान्यात भरवशाचं मिळत नाही. तुझ्या घरी मांस-मासळी-अंडी नाहीत, आणि आता तू दूध-दहीही सोडायचं म्हणते आहेस. सोड, माझं काही म्हणणं नाही. पण आधी डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घे आणि ते सांगतील ती गोळी न चुकता घे.