इथेनॉलमधील शेवटचे पाणी : पटलाचे गणित

मळीपासून मिळणाऱ्या इथेनॉलमधील सगळे पाणी साध्या ऊर्ध्वपातनाने निघत नाही. वजनाने सुमारे 95.6 टक्के इथेनॉल झाले की 78.2 अंश सेल्सिअसला द्रवात जे प्रमाण, तेच वाफेत येते. मग मनोरा कितीही उंच बांधला तरी उपयोग नाही. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी मात्र 99.5 टक्क्यांच्या आसपास शुद्धता लागते. 2001 साली मिरज व मनमाड येथे इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे प्रयोग सुरू झाले, तेव्हापासून हा प्रश्न आपल्या कारखान्यांच्या दारात आहे.

उरलेले पाणी काढण्यासाठी मॉलिक्युलर सीव्ह वापरतात. दुसरा मार्ग पॉलिमरच्या पातळ पटलाचा. एका बाजूस गरम इथेनॉल, दुसऱ्या बाजूस निर्वात. पाणी पटलातून जाऊन वाफ होऊन निघते. यास परव्हेपोरेशन म्हणतात. हे नाव कोबर यांनी 1917 साली दिले. फ्रान्समधील बेथनिव्हिल येथील बीट साखर कारखान्यात 1988 साली दोन हजार चौरस मीटरांहून अधिक पटल बसविण्यात आले.

माठ पाझरतो तसेच हे, असे वाटेल. पण माठाला छिद्रे असतात, या पटलाला नसतात. पाणी आधी पटलात विरघळते, मग त्यातून सरकते व पलीकडे वाफ होते. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पटलात पाणी इथेनॉलपेक्षा बरेच अधिक विरघळते, म्हणून निवड होते. मात्र पाणी जास्त असल्यास पटल भिजविलेल्या सोयाबीनप्रमाणे फुगते आणि इथेनॉललाही वाट मिळते. त्यामुळे पाण्याचा व इथेनॉलचा हिशोब वेगवेगळा मांडणारी सोपी सूत्रे तेथे चुकतात.

आता क्षेत्रफळ पाहू. ताशी 1,000 किलो मिश्रण, त्यात 5 टक्के पाणी. ते अर्धा टक्क्यावर आणायचे, म्हणजे सुमारे 45 किलो पाणी काढायचे. समजा 5 टक्के पाणी असताना दर चौरस मीटरमधून ताशी 0.2 किलो पाणी जाते. सरळ भागाकार केला तर सव्वादोनशे चौरस मीटर येतात. हा हिशोब फसवा आहे. पाणी कमी होत जाते तसा वेगही घटतो. वेग पाण्याच्या टक्केवारीच्या प्रमाणात घटतो असे धरले, तर सुमारे 570 चौरस मीटर लागतात! त्यातही 1 टक्क्यावरून अर्ध्यावर येताना 5 किलोही पाणी निघत नाही, पण त्यासाठी सुमारे 167 चौरस मीटर खर्ची पडतात. (0.2 हा आकडा उदाहरणापुरता आहे. पटलागणिक तो बदलतो.)

शिवाय पाण्याची वाफ होताना मिश्रणातील उष्णता जाते. मिश्रण थंड झाले की वेग आणखी मंदावतो, म्हणून टप्प्याटप्प्यावर पुन्हा तापवावे लागते. त्या वाफेचा खर्चही हिशोबात धरावा.

तेव्हा सर्वसाधारण सभेत अशा यंत्रणेचा प्रस्ताव आला, तर पुरवठादाराने दिलेला वेग किती टक्के पाण्यावर व किती तापमानावर मोजला आहे, हे सभासदांनी जरूर विचारावे. अर्धा टक्का पाण्यावरचा वेग लेखी मागावा.