गेलेले प्रथिन परत कसे येते?

प्रश्न : आंतर्द्रव्यजालिकेत तयार झालेली प्रथिने पुढे गॉल्गी संकुलाकडे आणि तिथून बाहेर जातात. मग जालिकेतच काम करणारी प्रथिने या ओघात वाहून कशी जात नाहीत?

उत्तर : ती वाहून जातात! पेशी त्यांना शोधून परत आणते.

नव्या प्रथिनांना नीट घडी घालायला मदत करणारे ‘बिप’ हे प्रथिन घ्या. त्याच्या साखळीची शेवटची चार अमिनो आम्ले ठरलेली असतात : लायसिन, अस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, ल्यूसिन. केंब्रिजच्या शॉन मन्रो आणि ह्यू पेलहॅम यांनी 1987 मध्ये हे शेपूट छाटले, तेव्हा बिप पेशीबाहेर पडू लागले. मग त्यांनी तेच शेपूट कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमला जोडले. एरवी बाहेर टाकले जाणारे ते विकर आतच राहिले.

पण ‘राहिले’ म्हणजे जागचे हललेच नाही, की जाऊन परत आले? पेलहॅम यांनी 1988 मध्ये याचा छडा फार सुंदर रीतीने लावला. कॅथेप्सिन डी या विकराला त्यांनी हे शेपूट लावले. ते जालिकेतच सापडले, पण त्याच्यावर एक रासायनिक खूण होती आणि ती खूण जालिकेच्या पुढच्या टप्प्यावरच उमटते. म्हणजे स्वारी पुढे जाऊन आली होती. मला तरी हा पुरावा बिनतोड वाटतो.

परतीची किमया आम्लतेत आहे. गॉल्गीचा अंतर्भाग जालिकेपेक्षा थोडा आम्लधर्मी असतो. तिथे पटलातला ग्राही शेपूट घट्ट पकडतो आणि पुटिकेत बसून जालिकेकडे निघतो. जालिकेत आम्लता कमी, त्यामुळे पकड सुटते. ग्राही पुन्हा गॉल्गीकडे, पुढच्या चुकाराला आणायला. पटलात रुतलेल्या प्रथिनांच्या खुणा वेगळ्या असतात.

या वाटेचा फायदा पटकीचे जंतूही उठवतात. पटकीचा जंतू विष सोडतो, हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये दाखवून दिले. या संशोधकाचे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत असायला हवे होते. त्या विषाच्या एका साखळीच्या टोकाला तीच चार अमिनो आम्ले, त्याच क्रमाने आहेत. आतड्याच्या पेशीत शिरलेले विष गॉल्गीतून उलटे जालिकेत पोचते, तिथून त्याचा एक तुकडा पेशीद्रवात निसटतो आणि पेशी पाणी व क्षार बाहेर ओतू लागते. ती चार आम्ले बदलली, तर विषाचा परिणाम उशिरा दिसतो. पूर्ण थांबत मात्र नाही.