एका वेळी एकच बदल : रायफलच्या काडतुसातून ‘चल’ ही संकल्पना

विज्ञानाच्या प्रयोगात ‘स्वतंत्र चल’, ‘आश्रयी चल’ आणि ‘स्थिर ठेवलेले घटक’ हे शब्द मुलं पाठ करतात, पण प्रत्यक्ष प्रयोगात दोन-तीन गोष्टी एकदम बदलतात आणि निष्कर्ष लिहून मोकळी होतात. ही सवय मोडायला एक वेगळं उदाहरण उपयोगी पडतं. आठवी ते दहावीची मुलं ते कान देऊन ऐकतात.

काडतूस म्हणजे काय?

रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात : पितळी कवच (केस), ठिणगी पाडणारा प्रायमर, बंदुकीची दारू (पावडर) आणि पुढे बसवलेली गोळी. अमेरिकेत अनेक नेमबाज आणि शिकारी हे सुटे भाग आणून काडतूस स्वतः भरतात. त्याला ‘हँडलोडिंग’ म्हणतात. त्यांना येणारा नेहमीचा अनुभव असा : रायफल तीच, दुर्बीण तीच, नेमही तोच, पण एखादा भाग बदलला की गोळी लागण्याची जागा सरकते. असं का होत असेल? उत्तर सांगण्याआधी वर्गाला अंदाज करू द्या.

जागा का सरकते?

पहिलं कारण मुलांना लगेच सुचतं, ते म्हणजे वेग. गोळी नळीतून सुटल्याबरोबर गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढू लागतं. हळू गोळीला लक्ष्यापर्यंत जास्त वेळ लागतो, म्हणून ती जास्त खाली येते. दारूचा प्रकार किंवा प्रमाण, गोळीचं वजन, प्रायमर यांपैकी काहीही बदललं तरी वेग बदलू शकतो. कवचाचंही तसंच. दुसऱ्या कंपनीच्या कवचाची भिंत जाड असेल तर आतली जागा कमी होते आणि तेवढ्याच दारूने दाब वाढतो.

दुसरं कारण सहज सुचत नाही. गोळी नळीतून बाहेर पडायला साधारण एक-दोन मिलिसेकंद घेते. तेवढ्या वेळात बंदूक मागे ढकलली जाते आणि नळी थरथरू लागते. गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचं तोंड नेमकं कुठे वळलेलं आहे, त्यावर तिची दिशा ठरते. म्हणून फटका खाली-वरच नव्हे, तर डावीकडे-उजवीकडेही सरकतो. पिस्तूल-रिव्हॉल्वरमध्ये तर जड आणि हळू गोळी जवळच्या अंतरावर बहुधा वर लागते! कारण ती नळीत जास्त वेळ असते आणि तोवर धक्क्याने तोंड वर उचललं गेलेलं असतं. ‘हळू म्हणजे खाली’ हा अंदाज इथे चुकतो, आणि वर्गात चर्चा रंगते ती इथेच.

फळ्यावर सोडवायचं गणित

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात कारखान्यात तयार झालेली छोटी .२२ काडतुसं वापरतात, घरी भरलेली नाहीत. तरीही मोठे नेमबाज रायफल शिकंज्यात पकडून काडतुसांच्या वेगवेगळ्या ‘लॉट’ची चाचणी घेतात. का, ते आकडेच सांगतात.

हवेचा विरोध सोडून द्या. समजा, एका गोळीचा वेग सेकंदाला ३२५ मीटर आहे आणि दुसरीचा ३३५ मीटर.

पहिली : वेळ ५० ÷ ३२५ = ०.१५४ सेकंद; घसरण ½gt² = सुमारे ११.६ सेंमी.
दुसरी : वेळ ५० ÷ ३३५ = ०.१४९ सेकंद, घसरण सुमारे १०.९ सेंमी.

फरक ७ मिलिमीटर. लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिमी, म्हणजे त्रिज्या फक्त ५.२ मिमी!

खरा धडा

आता हा प्रश्न विचारा. एकाने दारू, प्रायमर आणि कवच तिन्ही एकदम बदललं आणि गोळी ४ सेंमी डावीकडे लागली. दोष कशाचा? सांगताच येत नाही. म्हणून जाणकार एका वेळी एकच भाग बदलतात आणि लिहून ठेवतात. यात सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, कारण चुकीच्या बदलाने दाब वाढून रायफल फुटू शकते.

दुसरी गोष्ट : एका गोळीवरून काहीच ठरत नाही. तेच काडतूस पाच वेळा झाडलं तरी पाच छिद्रं थोडी विखुरलेलीच असतात. त्या पाचांचा मध्य काढायचा. जुना आणि नवा मध्य यांतलं अंतर छिद्रांच्या विखुरण्याच्या मानाने पुरेसं मोठं असेल, तरच ‘जागा सरकली’ म्हणायचं.

घरातही हेच घडतं. क्लास बदलला, गाईड बदललं, मोबाइल काढून घेतला आणि मार्क वाढले, तर श्रेय कोणाला देणार? आणि एकाच चाचणीवरून ठरवणार का?

वर्गातला कृतिपाठ

हा प्रयोग शस्त्राविना करायचा. टेबलाच्या कडेशी पट्टीचा उतार करा. जमिनीवर कोरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर ठेवा. ठरावीक उंचीवरून गोटी पाच वेळा सोडा आणि ठशांचा मध्य काढा. मग फक्त उंची बदला. नंतर उंची पहिल्याइतकीच ठेवून त्याच आकाराची पोलादी गोळी घ्या.

स्वाध्याय

१. प्रत्येक फेरीत काय बदललं आणि काय स्थिर ठेवलं, याचा तक्ता करा.
२. काचेची गोटी आणि पोलादी गोळी जवळजवळ एकाच जागी पडतात, मग काडतुसात गोळीचं वजन बदलल्यावर वेग का बदलतो? (सूचना : उतारावर जड गोळीला ऊर्जाही त्याच प्रमाणात जास्त मिळते. दारूचं प्रमाण तेच ठेवलं तर काय होईल?)
३. उंची आणि गोटी दोन्ही एकदम बदलली, तर कोणता निष्कर्ष काढता येणार नाही?