पाहुण्यांसाठी सजावट

मुलांनो, घरी तुम्ही 'मेहमान' म्हणता, त्याला मराठीत 'पाहुणा' म्हणतात. पाहुणे येणार म्हटले की आपण सजावट करतो. ती त्यांना आपली वाटते का?

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे संत ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू निवृत्तिनाथ यांची समाधी आहे. त्यांनी १२९७ साली समाधी घेतली. दरवर्षी पौष वद्य एकादशीला तेथे यात्रा भरते. कडाक्याच्या थंडीत गावोगावचे वारकरी दिंड्या घेऊन पायी येतात. दिंडीच्या स्वागताला वाटेवर रांगोळ्या काढतात. रांगोळीत टाळ, वीणा, तुळस अशी चित्रे असतात. टाळ तर वारकऱ्याच्या हातातच असतो! चालून थकलेल्या माणसाला ती रांगोळी पाहताच कळते, की आपली कोणीतरी वाट पाहत होते.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला तुमचे घरचे लोक येतात. बाजारातल्या चकचकीत झिरमिळ्या कोणत्याही मांडवात चालतात, म्हणून त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. घरात कोणी शिवणकाम करत असेल, तर उरलेल्या रंगीत तुकड्यांचे तोरण करा. दारावर 'सुस्वागतम्' लिहाल, तेव्हा शेजारी उर्दू लिपीत 'खुश आमदीद' लिहा. मराठी न येणारी तुमची दादीही मग तो फलक वाचायला थांबेल.