हाताचा कंप आणि कॅमेऱ्याची निवड

सभागृहातील मंद दिव्यांत, देवघरातील समईच्या उजेडात किंवा पावसाळी संध्याकाळी काढलेले छायाचित्र पुष्कळदा पुसट का येते, हा प्रश्न कॅमेरा हाती घेणाऱ्या प्रत्येकास कधी ना कधी पडतो. भिंग स्वच्छ असते, नेम अचूक साधलेला असतो. तरीही समईच्या ज्योतीस शेपूट फुटते आणि माणसांच्या कडा दुहेरी दिसतात. अशा वेळी दोष बहुधा यंत्राचा नसून हाताचा असतो. श्वास, नाडीचे ठोके आणि स्नायूंचा ताण यांमुळे मनुष्याचा हात सतत सूक्ष्म कंप पावत असतो. भर उन्हात कॅमेऱ्याचा पडदा इतका अल्प काळ उघडतो की हा कंप चित्रात उमटत नाही. उजेड कमी झाला की पडदा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो आणि तेथेच घात होतो.

हा घात केवढा, ते त्रिकोणमितीच्या साह्याने पाहू. भिंगाचे नाभीय अंतर २०० मिलिमीटर आहे आणि पडदा उघडा असताना कॅमेरा केवळ एक दशांश अंशाने वळला, असे समजा. प्रतिमेचे सरकणे म्हणजे नाभीय अंतर गुणिले त्या कोनाची स्पर्शज्या. उत्तर येते सुमारे ०.३५ मिलिमीटर. आता २४ मेगापिक्सेलच्या सामान्य डिजिटल एस.एल.आर. कॅमेऱ्यातील प्रतिमाग्राहक, म्हणजे सेन्सर, सुमारे २३.५ मिलिमीटर रुंद असतो व त्या रुंदीत ६००० बिंदू बसविलेले असतात. एका बिंदूची रुंदी झाली सुमारे ०.००३९ मिलिमीटर. म्हणजे तेवढ्याशा वळण्याने प्रत्येक बिंदू जवळजवळ नव्वद बिंदूंवर फासला जातो! भिंग ५० मिलिमीटरचे असते तर हाच आकडा सुमारे २२ झाला असता. दूरचे जवळ आणणारे भिंग हाताचा दोषही तितकाच जवळ आणते, तो असा.

यावरून जुन्या छायाचित्रकारांनी एक ठोकताळा बसविला होता. नाभीय अंतर जितके मिलिमीटर, तितकाच छेद असलेल्या सेकंदाच्या अंशाहून अधिक काळ पडदा उघडा ठेवू नये. २०० मिलिमीटरच्या भिंगास १/२०० सेकंद. हा ठोकताळा ३५ मिलिमीटरच्या फिल्मसाठी होता. वर सांगितलेल्या लहान सेन्सरसाठी दीडपट कडक, म्हणजे १/३०० सेकंद धरावा. त्याहूनही मागे गेल्यास तिपाईवाचून गत्यंतरच नव्हते. १८७४ च्या सुमारास इंदुरास छायाचित्रण आरंभून पुढे हैदराबादच्या निजामाच्या पदरी गेलेले राजा दीनदयाळ यांच्या काचेच्या पट्ट्या इतक्या मंद होत्या की कॅमेरा हातात धरून चित्र घेण्याचा विचारही त्यांस करता आला नसता.

कंपावर यांत्रिक तोड प्रथम भिंगात निघाली. कॅनन कंपनीने १९९५ साली ७५–३०० मिलिमीटरचे एक भिंग काढले. त्यातील काचांचा एक गट कंपाच्या उलट दिशेस सरकत असे. दुसरा मार्ग मिनोल्टाने धरला. भिंग जागच्या जागी ठेवून सेन्सरच हलवावयाचा, ही ती युक्ती. २००४ साली कोनिका मिनोल्टाच्या '७ डी' या कॅमेऱ्यात ती डिजिटल एस.एल.आर. मध्ये प्रथम आली. २००६ साली त्या कंपनीने कॅमेऱ्यांचा व्यवसाय सोडला, तो सोनीकडे गेला व त्याच वर्षी सोनीचा 'अल्फा १००' निघाला. पेंटॅक्सचा 'के १०० डी' ही त्याच वर्षीचा. ऑलिंपसचा 'ई ५१०' २००७ चा.

ही यंत्रणा दहावीच्या विद्यार्थ्यास सहज उमगेल. कॅमेऱ्यातील सूक्ष्म जायरो संवेदक कॅमेरा कोणत्या बाजूस किती वेगाने वळत आहे ते मोजतात. त्यावरून गणक सेन्सर किती सरकवावा ते ठरवितो. पेंटॅक्सच्या रचनेत सेन्सरच्या तबकडीवर तारेची वेटोळी असून ती चुंबकांच्या क्षेत्रात असतात. वेटोळ्यांतून वीज सोडली की तबकडी हलते. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम पाठ करताना तो कोठे उपयोगी पडणार, असे विचारणाऱ्यांनी येथे पाहावे.

या यंत्रणेचे बळ 'स्टॉप' या मापात सांगतात. एक स्टॉप म्हणजे काळ दुप्पट. तीन स्टॉपांची मदत असल्यास १/२०० सेकंदाऐवजी १/१००, १/५०, १/२५ येथपर्यंत उतरता येते. जाहिरातीतला आकडा मात्र उत्तम परिस्थितीतला असतो. खरेदी करताना त्यातून एक स्टॉप वजा करूनच हिशेब करावा, असे माझे मत आहे.

मग घ्यावा कोणता? कॅमेऱ्यातच यंत्रणा असेल तर लावाल त्या भिंगास तिचा लाभ मिळतो. ५० मिलिमीटरचे स्वस्त व तेजस्वी भिंग समारंभास फार उपयुक्त. पण कॅनन व निकॉन यांच्या या भिंगांत ती सोय नाही, आणि त्यांच्या एस.एल.आर. कॅमेऱ्यांतही नाही. पेंटॅक्सवर मात्र १९७५ पासूनची, काकांच्या पेटीत पडून राहिलेली भिंगेसुद्धा स्थिर होतात. अशा जुन्या भिंगाचे नाभीय अंतर कॅमेरा आपणांस विचारतो. ते बरोबर सांगावे, अन्यथा दुरुस्तीच चुकीची होईल. उलटपक्षी, भिंगातील यंत्रणेने दृश्यदर्शकातील चित्रही स्थिर दिसते. सेन्सर हलविणाऱ्या आरशाच्या कॅमेऱ्यात ते डोळ्यास हलतानाच दिसते, कारण आरशावरून येणारा प्रकाश सेन्सरपर्यंत पोचलेलाच नसतो. लांब भिंगाने पक्षी टिपणाऱ्यास हा भेद जाणवतो.

ज्या कुटुंबास एकच भिंग परवडणार आहे, त्याने कॅनन किंवा निकॉनचे १८–५५ मिलिमीटरचे स्थिरीकरणयुक्त भिंग घेतले तरी काही बिघडत नाही. दुरुस्ती करणारा जवळ भेटणे हाही मोठाच लाभ आहे. भिंगे वाढवीत जाण्याचा मनोदय असेल तरच कॅमेऱ्यातील यंत्रणेसाठी हट्ट धरावा. आज आरशाच्या कॅमेऱ्यांची निर्मिती ओसरली आहे. सोनीने आपले तसले कॅमेरे २०२१ साली बंद केले, तर पेंटॅक्सने त्याच वर्षी 'के-३ मार्क ३' काढला. तेव्हा बहुतेकांस जुन्या मालाच्या बाजारातच जावे लागेल.

तेथे नावांचा घोळ होतो. पेंटॅक्सचे 'शेक रिडक्शन', सोनीचे 'स्टेडीशॉट', कोनिका मिनोल्टाचे 'अँटी-शेक' ही कॅमेऱ्यातील यंत्रणेची नावे, भिंगावरील 'आय.एस.' कॅननचे, 'व्ही.आर.' निकॉनचे, 'ओ.एस.' सिग्माचे व 'व्ही.सी.' टॅमरॉनचे. 'डिजिटल' किंवा 'इलेक्ट्रॉनिक' स्थिरीकरण असे लिहिले असेल तर सावध व्हावे. त्यात बहुधा काहीच सरकत नाही; प्रकाशग्रहणाची तीव्रता वाढविली जाते किंवा चित्राच्या कडा कापल्या जातात.

ही यंत्रणा केवळ आपला हात सावरते, समोरच्याचे धावणे थांबवीत नाही. खो-खोच्या मैदानावर १/२५ सेकंदाने चित्र घेतल्यास खांब रेखीव येईल आणि खेळाडू मात्र धुरासारखा. तेथे १/५०० सेकंदच हवा. तिपाईवर कॅमेरा ठेवल्यावर यंत्रणा बंद करावी. नसलेला कंप शोधीत ती स्वतःच सेन्सर हलवू लागण्याचा संभव असतो.

जुना कॅमेरा घेताना दुकानातच परीक्षा करावी. भिंतीवर वर्तमानपत्र लावून पाच-सहा पावलांवर उभे राहावे, पडद्याचा वेग १/१५ सेकंद ठेवावा व यंत्रणा चालू असताना दहा आणि बंद असताना दहा चित्रे काढावीत. ती मोठी करून बारीक अक्षरे किती चित्रांत वाचता येतात ते मोजावे. दोन्ही संख्या सारख्याच आल्या तर यंत्रणा बिघडलेली समजावी. परीक्षा ज्याच्या हाती कॅमेरा राहणार त्यानेच द्यावी, विक्रेत्याने नव्हे. घरात आजोबाही तो वापरणार असतील तर त्यांनाही बरोबर न्यावे. आणि गोवा-कोकणच्या दमट हवेत राहिलेले भिंग असेल तर ते उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.