टिक्स मोबाइलवर टिपताना

“डॉक्टर, घरी दिवसभर डोळे मिचकावतो, मान झटकतो आणि इथे बघा कसा शहाण्यासारखा बसलाय!” असं सांगणारे पालक वाढवून सांगत नसतात आणि मूलही नाटक करत नसतं. टिक्स, म्हणजे अशा अचानक, पुन्हापुन्हा होणाऱ्या हालचाली किंवा आवाज, थोडा वेळ दाबून धरता येतात; परक्या माणसासमोर मुलं नकळत तेच करतात. शिवाय त्या कधी आठवडाभर उसळतात, कधी जवळजवळ दिसेनाशा होतात.

शिकागोच्या रश वैद्यकीय केंद्रातल्या तज्ज्ञांनी म्हणूनच व्हिडिओवरून टिक्स मोजण्याची पद्धत बसवली. १९९९ मध्ये ती सुधारली. मूल शांत बसलेलं असताना दहा मिनिटं चित्रीकरण होतं. थोडा वेळ पूर्ण शरीर, थोडा वेळ फक्त डोकं आणि खांदे. थोडा वेळ तपासणारा खोलीत, थोडा वेळ मूल एकटं. गुण मात्र एकटेपणीच्या भागालाच देतात. किती अवयवांत टिक्स आहेत, हालचालींच्या आणि आवाजाच्या टिक्स मिनिटाला किती, दोन्हींची तीव्रता किती, अशा पाच बाबी, प्रत्येकी ० ते ४ गुण.

हा आकडा उपचारांआधीची आणि नंतरची तुलना करायला उत्तम. पण टिक येण्याआधीची आतली अस्वस्थ ओढ कॅमेऱ्याला दिसत नाही आणि वर्गातली चिडवाचिडवीही नाही. भरपूर टिक्स असूनही मजेत असलेल्या मुलाला बहुतेकदा औषध लागत नाही. एकाच टिकने मान दुखून येणाऱ्याला लागू शकतं. बऱ्याच मुलांच्या टिक्स दहा-बारा वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असतात आणि पुढे ओसरतात, हेही लक्षात असू द्या.

घरी चित्रीकरण करायचं तर मुलाला विश्वासात घ्या, चोरून नको. उजेड हवा, आवाज बंद नको. मोबाइल टेकवून ठेवा आणि तुम्ही खोलीबाहेर जा. पाच मिनिटं पुरतात. “आता करून दाखव” म्हणू नका; टिक्सचा विषय काढला तरी त्या वाढतात. पुढच्या वेळी जागा आणि वेळ तीच ठेवा, तारीख लिहा. आणि कृपा करून तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका.

हालचालीच्या वेळी मूल हाकेला ओ देत नसेल, हातातली वस्तू पडत असेल किंवा नंतर त्याला काहीच आठवत नसेल, तर ती फिट असू शकते. अशा वेळी नियमित तपासणीची वाट न बघता व्हिडिओ घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा.